फिल्टर बदलला नाही

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मी हळू बोलायला लागले की नवरा वर्तमानपत्राची घडी घालतो आणि मुलगा फोन बाजूला ठेवतो. वर्कशॉपमधल्या त्या तरुण सल्लागाराला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला वाटलं, बाई समजूतदार आहेत.

गोष्ट माझ्या गाडीची आहे. छोटी, पेट्रोलवर चालणारी, सव्वीस वर्षांची. आरटीओत तीनदा तपासणी करून मी तिची मुदत वाढवून घेतली आहे. गाडी घेतली तेव्हा मी पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. गावोगावच्या विहिरींचे, टाक्यांचे नमुने बाटल्यांतून यायचे आणि कुठलं पाणी पिण्यालायक आहे हे आम्ही सांगायचो. गाडी माझ्या पगारातून आली, माझ्या नावावर आहे आणि घरात ती फक्त मीच चालवते. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या नद्या त्याला पाठ आहेत, पण क्लच कुठला ते त्याला विचारू नये. तो शेजारी बसून रस्ता सांगतो, बहुधा चुकीचा. मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, बाणेरला राहतो, आणि त्याच्याकडे आवाज न करणारी विजेवरची गाडी आहे.

अठरा वर्षं माझी गाडी एकाच मिस्त्रींनी बघितली. शनिवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक लोखंडी कपाट, एक जॅक आणि समोरचा रस्ता. दुपारी एक ते चार बंद, आणि त्या वेळेत कोणी हाक मारली तर ते ओ देत नसत. पहिल्या वेळी मी विचारलं होतं की बाटलीवर चकचकीत चित्र असलेलं महागडं ऑइल घातलं तर गाडी जास्त टिकेल का. ते म्हणाले, “चित्र इंजिनात जात नाही, मॅडम.” मग त्यांनी कपाटातून दोन बंद बाटल्या काढल्या, दोन्ही एकदम उलट्या केल्या आणि आतला बुडबुडा वर चढताना दाखवला. एकीत तो झटकन वर गेला, दुसरीत सावकाश. पातळ कुठलं आणि जाड कुठलं ते मला तिथेच कळलं. लेबलावर ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा इंजिन तापल्यावरचा, आणि पुण्यात थंडी पडून पडून किती पडणार, तेव्हा तुम्ही नंतरचा आकडा बघत जा, असं त्यांनी सांगितलं. नव्या इंजिनात भागांमधल्या फटी केसाएवढ्या असतात, तिथे पातळ ऑइलच शिरतं. माझ्या गाडीचे भाग घासून घासून मोकळे झाले होते. तिथे पातळ ऑइल थांबत नाही, दाब धरत नाही, आणि मग लोखंड लोखंडावर घासतं. म्हणून माझ्या गाडीला वीस-चाळीस. गाडीच्या पुस्तिकेतही तेच लिहिलं होतं, मी घरी येऊन वाचलं.

फिल्टरबद्दल ते जास्त कडक होते. ऑइल फिल्टर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा. आत कागदाच्या घड्या असतात, त्यातून ऑइल गाळून जातं. तोंडाशी एक रबरी पडदा असतो, तो रात्रभर ऑइल डब्यात धरून ठेवतो, म्हणजे सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर ते इंजिनात पोचतं. वाईट फिल्टरमध्ये कागद कमी असतो आणि पडदा काही दिवसांत कडक होतो. मिस्त्री प्रत्येक ऑइलबरोबर फिल्टर बदलायचेच, आणि बदलला की त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने किलोमीटरचा आकडा लिहायचे. त्यांचा नऊ उलट्या सहासारखा, खाली गाठ मारलेला असायचा.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. बोळातली इमारतही पाडायला निघाली. ते कऱ्हाडला मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. वीस-चाळीस, साधं मिनरल ऑइल, फिल्टर दर वेळी. खाली सही नाही, काही नाही.

त्यानंतर वर्षभर मी टाळाटाळ केली, हे कबूल करते. जिथे जावं तिथे लोक गाडीकडे बघून विचारायचे, अजून ठेवलीय? शेवटी मुलगा म्हणाला, आई, कशाला वणवण करतेस, आपल्या वारज्यातच हायवेलगत मोठं वर्कशॉप झालंय, मी ॲपवर बुक करून देतो. त्याने केलं. मला बरं वाटलं. मुलगा माझ्या गाडीसाठी काहीतरी करतोय, याचंच बरं वाटलं.

वर्कशॉपला काचेच्या भिंती होत्या, आत एसी आणि कॉफीचं मशीन. सल्लागार पंचविशीचा, हातात टॅब. त्याने मला बघितलं, माझ्यामागे बघितलं आणि विचारलं, सर येतायत ना? मी म्हणाले, कोण सर? तर म्हणे, बुकिंग सरांच्या नावावर आहे. ते सर म्हणजे माझा मुलगा, गाडी माझी आहे, असं मी सांगितलं. सोबत आलेला नवरा कॉफी घेऊन आला तसा तो सल्लागार लगेच त्याच्याकडे वळला आणि गाडीला काय त्रास आहे ते विचारू लागला. नवऱ्याने शांतपणे सांगितलं की मला फक्त दार उघडता येतं. मी मिस्त्रींची चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचली, हसला आणि मला परत दिली.

“डोन्ट वरी मॅम, सिस्टीममध्ये तुमच्या मॉडेलचं सगळं असतं.”

मग त्याने टॅब माझ्यापुढे धरला आणि बोटाने सही करायला सांगितलं. मी केली.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. वडील अकोल्याकडून पुण्यात आले आणि खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. रविवारी विहारात वंदना झाली की ते बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे आणि लोक त्यांच्याकडे कागद घेऊन यायचे. कोणाचा अर्ज, कोणाची नोटीस, कोणाचा करारनामा. ते सगळा कागद वाचून दाखवायचे आणि प्रत्येकाला तेच सांगायचे, न वाचता सही नाही, सांगणारा कितीही गोड बोलला तरी नाही. मी हे ऐकत मोठी झाले. पुढे प्रयोगशाळेतही मी नव्या लोकांना तेच शिकवलं. आणि काचेवर, एका बोटाने, काय लिहिलंय ते दिसत नसताना, चष्मा पर्समध्ये असताना, मी सही केली. का, तर मागे रांग होती आणि एसी छान लागत होता. वर्कशॉपचा राग येण्याआधी मला स्वतःचा राग येतो तो इथे. तो अजून गेलेला नाही.

संध्याकाळी गाडी मिळाली. धुतलेली, आत सुगंध फवारलेला. एका फोल्डरमध्ये चाळीस कामांची यादी आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण. ऑइल फिल्टर बदलला, त्यापुढेही हिरवी खूण. ऑइलच्या रकान्यात ‘प्रीमियम’ एवढं मोठ्या अक्षरात होतं, आकडे बारीक. नवऱ्याला भूक लागली होती. फोल्डर मी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला.

पहिले दोन-तीन दिवस गाडी हलकी वाटली. मी मुलाला तसं कळवलंसुद्धा. मग सकाळी गाडी सुरू केली की तीन-चार सेकंद खडखड ऐकू येऊ लागली, डब्यात खिळे हलवल्यासारखी, आणि नंतर थांबायची. पार्किंगमध्ये डाग पडू लागले. सव्वीस वर्षांत माझ्या गाडीने जमीन घाण केली नव्हती. मी वर्कशॉपला फोन केला. जुन्या गाडीला थोडं लीकेज असतंच, असं उत्तर मिळालं.

तीन आठवड्यांनी मी मोठ्या बहिणीकडे कात्रजला निघाले. ती डेअरीच्या मागे राहते, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एकटीच होते. हायवेवर काही जाणवलं नाही. कात्रज चौकात सिग्नलला थांबले, इंजिन मंद झालं, आणि समोर लाल दिवा लुकलुकू लागला. झारीसारखं चित्र असलेला ऑइलचा दिवा. किल्ली फिरवताना क्षणभर लागतो तेवढाच तो मी आजवर बघितला होता. मिस्त्रींनी बजावलं होतं की हा दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढचं पाऊलसुद्धा टाकायचं नाही. मी तिथेच, भर चौकात, इंजिन बंद केलं. मागे हॉर्नचा जो गोंगाट सुरू झाला त्यात एक बसवाला, एक मोटरसायकलवाला आणि एक नीट इस्त्री केलेल्या शर्टातला गृहस्थ असे तिघे मला येऊन काय काय बोलून गेले. गृहस्थ म्हणाले, गाडी झेपत नसेल तर रिक्षाने जावं. शेवटी दोन रिक्षावाल्यांनीच धक्का मारून गाडी कडेला लावली.

पुढेच एक गॅरेज होतं, टेम्पो आणि ट्रकचं. मालक पन्नाशीचा, भोरकडच्या गावचा माणूस. लहान गाड्या आपण करत नाही म्हणाला, पण बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची दांडी बाहेर काढली. टोकाला जेमतेम ओल होती. त्याने ती बोटांत चोळली.

“मॅडम, ह्ये तेल हाय का पानी? नव्या गाडीचं तेल घातलंय कुनीतरी. तुमची गाडी जुनी हाय, हिला ह्ये कसं पुरंल?”

मी कप्प्यातला फोल्डर काढला आणि चष्मा लावून पहिल्यांदा वाचला. शून्य-वीस. मी वीस-चाळीस सांगितलं होतं, लिहून दिलं होतं, चिठ्ठी हातात ठेवली होती. त्यांनी शून्य-वीस घातलं होतं. अर्धं गळून गेलं होतं, अर्धं जळून.

तो हातातली बॅटरी पेटवून गाडीखाली शिरला आणि थोड्या वेळाने आतूनच विचारलं, फिल्टर कवा बदलला म्हनालात? मी म्हणाले, तीन आठवड्यांपूर्वी. तो बाहेर आला, जमिनीवर पोतं पसरलं आणि मला म्हणाला, तुमीच बघा.

मी एकसष्ट वर्षांची आहे. कात्रजच्या रस्त्यालगत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, साडीचा पदर खोचून मी पोत्यावर उताणी झाले आणि गाडीखाली सरकले. त्याने बॅटरीचा झोत धरला. इंजिनच्या मागच्या अंगाला, चिखल आणि ऑइलच्या थराखाली, पांढऱ्या रंगात आकडा होता. एक्क्याण्णव हजार तीनशे. नऊच्या खाली गाठ. मिस्त्रींच्या हातचा. गाडी त्यानंतर साडेचार हजार किलोमीटर चालली होती आणि माझ्याकडे हिरव्या खुणेचा कागद होता.

पोत्यावर पडल्या पडल्या मला जो राग आला, तसा राग मला नोकरीत एकदाच आला होता. एका गावच्या टाकीत ब्लीचिंग पावडर न टाकता रजिस्टरला रोज टाकल्याचं लिहिलं होतं, तेव्हा. न केलेलं काम राहून जाऊ शकतं, माणूस विसरतो, थकतो. पण न केलेलं काम केलं म्हणून लिहायला विसरभोळेपणा लागत नाही. त्यासाठी शांत डोकं लागतं. आणि समोरचा माणूस वाकून बघणार नाही याची खात्री लागते. माझ्याकडे बघून कोणीतरी ती खात्री करून घेतली होती.

मी बाहेर आले आणि त्याला म्हणाले, तुम्ही काही काढू नका, आधी मी फोटो घेते. फोटो घेतले. मग ऑइल स्वच्छ डब्यात काढायला सांगितलं, त्याच्याकडून एक रिकामी बाटली घेतली, आतून कोरडी केली आणि त्यात नमुना भरला. बाटलीला कागद चिकटवला. तारीख, ठिकाण, मीटरचं रीडिंग, कोणी काढला, कोणासमोर. फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. तो हे सगळं हात पुसत बघत होता. साक्षीदार म्हणून सही कराल का विचारलं, तर त्याने कागद हातात घेतला, प्रत्येक ओळ ओठ हलवत वाचली, रीडिंग गाडीत डोकावून पडताळलं आणि मग सही केली. मला मान वर करवेना.

वीस-चाळीस आणि नवा फिल्टर त्याने मागवून घातला. दिवा गेला. पण इंजिनातून एक बारीक टकटक येत राहिली, ती आधी नव्हती. त्याने कान लावून ऐकलं आणि सांगितलं की झीज झालीय, आता ती काय परत येत नाही, पन गाडी चालंल.

घरी येऊन मुलाला फोन केला. तेव्हा कळलं ते असं. ज्या दिवशी मी गाडी दिली, त्या दुपारी वर्कशॉपने त्याला फोन केला होता. मॅमनी जुन्या पद्धतीचं ऑइल सांगितलंय, पण आम्ही सर्वांत चांगलं सुचवतो, टाकू का? तो म्हणाला, टाका. मला सांगायचं राहून गेलं.

“मला एक फोन का नाही केलास?”

“आई, मी मीटिंगमध्ये होतो. आणि बेस्ट क्वालिटीचंच टाकत होते ना.”

“कोणासाठी बेस्ट?”

तो समजावण्याच्या सुरात बोलू लागला. ती गाडी आता काढायलाच झाली आहे, सुटे भाग मिळत नाहीत, या वयात मी रस्त्यात अडकून पडते याची त्याला काळजी वाटते, मी हवं तेव्हा टॅक्सी मागवावी, तो ॲपला त्याचं कार्ड जोडून देईल. सगळं प्रेमाने. तीस-पस्तीस वर्षांच्या मुलाने आईला किती प्रेमाने खुर्चीत बसवावं याला काही मर्यादा असावी. गाडी काढल्यावर मी बहिणीकडे कधी जायचं, विहारातल्या आजारी बाईंना दवाखान्यात कोणी न्यायचं, पाऊस असला तर नवऱ्याला कुठून आणायचं, हे सगळं त्याच्या कार्डावर ठरणार होतं. मी हळू आवाजात म्हणाले की आपण नंतर बोलू. नऊ दिवस बोलले नाही. त्याचे फोन नवऱ्याने घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडायच्या वेळेला मी दारात होते. एकटी. सल्लागार तोच होता. मी पिशवी त्याच्या पांढऱ्या टेबलावर ठेवली, फिल्टर बाहेर काढला आणि फोल्डर उघडून हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. ऑइलबद्दल तो म्हणाला की सरांनी अप्रूव्ह केलं होतं, कॉल रेकॉर्ड आहे. फिल्टरबद्दल म्हणाला की हा आमच्या इथून निघालेला फिल्टर नाही. मी म्हणाले, बरोबर, तुमच्या इथून निघालाच नाही, तीच तक्रार आहे. त्याने हे दोनदा ऐकलं तेव्हा त्याला कळलं.

मग मॅनेजर आला. वयाने थोडा मोठा, फार नम्र. मला पाणी दिलं, आत केबिनमध्ये बसू या म्हणाला. मी इथेच बसेन म्हणाले. त्याने फोटो बघितले, बाटलीवरचा कागद बघितला, आणि गाडी मोफत धुऊन देण्याची तयारी दाखवली. पुढच्या सर्व्हिसला सवलत. इंजिन आतून साफ करून देऊ. मी प्रत्येक वेळी एवढंच सांगत होते की मला काही नको, फिल्टर बदलला नाही आणि बदलल्याचं लिहिलं, हे मला कागदावर लिहून द्या. फिल्टरखाली काळं ऑइल टेबलावर गोल पसरत होतं. सल्लागार दोनदा फडकं घेऊन आला. दोन्ही वेळा मी त्याला राहू द्या म्हटलं.

तीन तास मी तिथे बसले. लोक येत होते, चाव्या देत होते, टॅबवर बोट फिरवत होते. प्रत्येकाची नजर टेबलावर जायची. साधारण अकरा वाजता एका बाईंनी, चाळिशीच्या असतील, मला विचारलं की हे काय आहे. मी सांगितलं. आवाज वाढवला नाही, पण कमीही केला नाही. त्या ऐकून उभ्या राहिल्या आणि सल्लागाराला म्हणाल्या, माझी गाडी काल तुमच्याकडे झालीय, मला तिचा जुना फिल्टर दाखवा. तो म्हणाला, ते आम्ही ठेवत नाही. मग गाडी वर उचलून नवा दाखवा, त्या म्हणाल्या, मी थांबते. त्यांच्या मागच्या गृहस्थांनीही टॅब खाली ठेवला.

तेव्हा मॅनेजरने लिहून दिलं. इंग्रजीत, दोन ओळी. फिल्टर बदलणे नजरचुकीने राहून गेले. मी ‘नजरचुकीने’ खोडायला सांगितलं. त्याने खोडलं. बदलल्याचं खोटं दाखवलं, हे त्याने लिहिलं नाही. वरून परवानगी नाही म्हणाला. ऑइलचंही लिहिलं नाही. मी अर्धा कागद घेऊन निघाले. हा विजय आहे असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. मला तसं वाटलं नाही. ज्याने खाली न वाकता हिरवी खूण केली तो माणूस मला दिसलाच नाही. तो कोण, त्याला दिवसाला किती गाड्या संपवायला लावतात, त्याला कोणी काय सांगितलं, काही कळलं नाही. मला काचेच्या पुढची माणसं भेटली, मागची नाही.

आठवड्याने वर्कशॉपचा माफीचा संदेश आला. मुलाच्या फोनवर. सुरुवात होती, डिअर सर.

तो संदेश घेऊन मुलगा रविवारी घरी आला. दाखवताना आधी त्याला हसू आलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून गेलं. तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि स्वतःहूनच म्हणाला, “खरं सांगू? फोन आला तेव्हा एक क्षण वाटलं होतं तुला विचारावं. पण तू दहा प्रश्न विचारले असतेस. मला वेळ नव्हता.”

“विचारले असते,” मी म्हणाले.

तो म्हणाला, चुकलं माझं. मी ‘जाऊ दे’ म्हणाले नाही. जेवून जा म्हणाले. जेवण झाल्यावर त्याने ॲपमधलं आपलं नाव काढून माझं घातलं. पुन्हा तिथे जायचा प्रश्नच नव्हता, तरी त्याने केलं आणि मी बघत बसले.

मिस्त्रींना कऱ्हाडला फोन केला. मला वाटलं ते वर्कशॉपवाल्यांना शिव्या घालतील, निदान त्यांचा नऊ ओळखला याचं त्यांना कौतुक वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तीन आठवडे तुम्ही दांडी काढून बघितली नाहीत?” दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, दांडी पुसून ऑइल बघायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं आणि अठरा वर्षं मी ते करत होते. वर्कशॉपमधून आल्यावर केलं नाही. एवढी चाळीस कामांची यादी असताना आपण काय बघायचं, असं वाटलं. पलीकडे ते खोकले, मग मुलीची तब्येत, कऱ्हाडचं पाणी असं बोलत राहिले. त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पण मला राग आला, त्यांचा आणि माझा, आणि तो दिवसभर पुरला.

आता ऑइल आणि फिल्टर मी स्वतः आणते. पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात जाते, फिल्टर खोक्यातून काढायला लावते, रबरी पडदा बोटाने दाबून बघते, दोन हातांत दोन घेऊन वजन बघते. पहिल्या वेळी दुकानदार म्हणाले, भाजी समोरच्या बाजूला मिळते. मी म्हणाले, तिथेही मी निवडूनच घेते. आता ते न बोलता चार काढून ठेवतात.

गाडी कात्रजच्याच गॅरेजवाल्याकडे नेते. या जानेवारीत गेले तेव्हा तो गाडीखाली गेला तशी मीही खाली वाकून उभी राहिले. जुना फिल्टर निघालेला बघितला, हातात घेतला, खाली ठेवला. ऑइलची बाटली माझ्यासमोर उघडायला सांगितली. त्याने उघडली, पण चेहरा उतरला.

“मॅडम, माझ्यावर इश्वास न्हाय का?”

मी खरं ते सांगितलं. म्हणाले, “नाही. आता कोणावरच नाही.”

ज्या माणसाने मला पोतं अंथरून खरं दाखवलं, ज्याने वाचून सही केली, त्याला हे ऐकावं लागलं. बोलल्यावर मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले असते तर ते खोटं झालं असतं. तो खाली बसला, नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावलं आणि तो माझ्यापुढे धरला.

“मंग तुमीच लावा.”

मी बांगड्या वर सरकवल्या. पोतं पसरलेलंच होतं. गाडीखाली आडवी झाले, फिल्टर आट्यांवर बसवला आणि फिरवू लागले. पहिल्यांदा तिरका गेला. तो बाहेरून म्हणाला, काढा, परत लावा. परत लावला. रबर टेकल्यावर पाऊण फेरा, पान्याने नाही, हातानेच, असं तो सांगत गेला आणि मी आवळत गेले. कोपरावर गरम ऑइलचा थेंब पडला. बाहेर आल्यावर त्याने बॅटरी घेतली, खाली जाऊन माझं काम तपासलं, आणि हाताने अजून थोडा आवळून आला.